चादरीची चार टोकं

२ जून

मुंगे,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात यंदा वाढ नाही की कपात नाही. सरळ कामाचं सांगते.

गेल्या सोमवारी लॉन्ड्रीत सरकारी तपासनीस आला होता. सगळीकडे फिरला, मशीनचे पाइप हुंगले, खिडक्या मोजल्या आणि शेवटी माझ्या डागांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "इथे काम कोण करतं?" मी म्हटलं, "मी. एकतीस वर्षं." तो म्हणाला, "प्रमाणपत्र?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या बाहीवर शाई सांडलीय, काढून देऊ?" त्यानं काढून घेतली, आभार मानले आणि जाताना लिहून गेला की एक ऑक्टोबरपासून डागांच्या टेबलाला हात लावणाऱ्याकडे रसायन परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. आमच्या ओळीतल्या सगळ्याच लॉन्ड्र्यांना हा नियम आहे, आम्हीच काही पाप केलेलं नाही.

तो गेला आणि दादानं, म्हणजे तुझ्या मामानं, जणू खिशात घालूनच ठेवलं होतं असं उत्तर काढलं. त्याच्या जावईबापूंकडे ते प्रमाणपत्र आहे, टेबल ते सांभाळतील. "तू आता पुढे काउंटरवर बस. खुर्ची आहे, पंखा आहे, कपड्यांना चिठ्ठ्या बांधायच्या, बस." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन परीक्षेचा अर्ज भरून आले. एकवीस सप्टेंबरला आहे, लेखी आणि तोंडी. नववीत शाळा सुटली त्याला अडतीस वर्षं झाली, ते अर्जावर लिहायला जागा नव्हती म्हणून लिहिलं नाही.

पुस्तक आणलंय. पहिले तीन धडे, आग, हातमोजे आणि बाटल्यांवरच्या खुणा, मला झोपेत विचार. चौथ्याशी गाडी अडली. 'सहसंयुज बंध : ध्रुवीय आणि अध्रुवीय'. अणू आपापसात इलेक्ट्रॉन वाटून घेतात म्हणे. कशासाठी? आणि वाटून देणारं कोण? पुस्तक लिहिणाऱ्याला हे विचारावंसं वाटलं नाही.

तू याच दुकानाच्या माडीवर लहानाची मोठी झालीस आणि आता बारा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस. शिकव मला. फोन करू नकोस, मशीनच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. कागदावर लिही, म्हणजे टेबलाच्या वर भिंतीला चिकटवीन आणि हात चालवता चालवता वाचीन.

तुझी मावशी


१४ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तपासनीसाची बाही धुणं हे तूच करू जाणे.

धडा चार. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या घरात इलेक्ट्रॉनांच्या जागा ठरलेल्या असतात. त्या भरल्या की अणू स्वस्थ, नाहीतर त्याचा जीव थाऱ्यावर नाही. हायड्रोजनला दोन लागतात, त्याच्याजवळ असतो एक. मग दोन हायड्रोजन शेजारी येतात, आपापला एक मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही घरात मोजली जाते. वाटून देणारं कोणी नसतं गं. दोघांनाही गरज असते म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. हाच सहसंयुज बंध.

दोघंही हायड्रोजन, दोघांची ओढ सारखी, त्यामुळे जोडी बरोबर मध्ये. असा बंध अध्रुवीय.

पण सगळ्या अणूंची ओढ सारखी नसते. तुला आठवतं का, माडीवर आपण दोघी एका पांघरुणात झोपायचो? पांघरूण दोघींचं, पण सकाळी सगळं तुझ्या अंगावर असायचं आणि माझे पाय उघडे. तसंच पाण्यात होतं. ऑक्सिजन आणि हायड्रोजन जोडी वाटून घेतात खरे, पण ऑक्सिजनची ओढ जबरदस्त, म्हणून जोडी त्याच्याकडे जास्त रेंगाळते. तिथे किंचित ऋण भार जमतो, हायड्रोजनकडे किंचित धन. एकाच बंधाची दोन टोकं वेगळी पडली, म्हणून तो ध्रुवीय.

हे झालं सोपं. यापुढचं पुस्तक अवघड आहे मावशी, आणि परीक्षेत प्रश्न फिरवून विचारतात. राग मानू नकोस, पण काउंटरची कल्पनाही वाईट नाही. एकतीस वर्षं वाफेत उभी राहिलीस. आता बसलीस तर कोण नाव ठेवणार आहे?

तुझी मुंगी


२५ जून

मुंगे,

पहिली गोष्ट, पांघरूण मी ओढायचे हा साफ खोटा आरोप आहे. तू लाथा मारून ते माझ्या अंगावर ढकलायचीस. पण ऑक्सिजन समजलास याचा राग नाही, आजवर कोणी मला एवढं ताकदवान समजलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, धडा कळला. इतका कळला की मी हातातला ब्रश खाली ठेवला. आबा, म्हणजे तुझे आजोबा, जाताना म्हणाले होते, दुकान दोघांचं. कागदावरही दोघांचंच आहे. पण मशीन कोणतं घ्यायचं ते दादा ठरवणार, सुट्टी कधी ते दादा ठरवणार, आणि गिऱ्हाईक माझ्या हातचा डाग बघून खूश झालं की विचारणार, "मालक कुठायत?" वाटून घेतलंय, पण जोडी सगळा वेळ त्याच्याच दारात बसलेली. मला इतकी वर्षं वाटायचं की माझाच स्वभाव किरकिरा आहे. त्याला शास्त्रात नाव आहे हे कोणी सांगितलंच नाही.

तिसरी गोष्ट, मी प्रयोग केला. एका जुन्या पांढऱ्या कापडावर चहा टाकला आणि शेजारी मशीनचं ग्रीस लावलं. चहा पाण्यानं गेला, ग्रीसनं पाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ड्रायक्लीनिंगच्या मशीनमधल्या द्रवानं ग्रीस गेलं आणि चहा राहिला. हे मी रोजच करते, पण आज पुस्तक उघडं ठेवून केलं. पाण्याच्या जातीचे डाग पाणी उचलतं आणि तेलाच्या जातीचे तो द्रव. बरोबर ना? म्हणजे ही तुमची ध्रुवीय-अध्रुवीय भानगड मी एकतीस वर्षं हातानं निवडत आलेय.

दादा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "या वयात पाटी-पेन्सिल?" मी म्हटलं, "पाटी नाही, टेबल आहे."

आता एकच सांग. मशीनमधला द्रव, ज्याला आम्ही पर्क म्हणतो, त्याच्या पिंपावर लिहिलंय की एका रेणूत दोन कार्बन आणि चार क्लोरीन. हा कोणत्या जातीचा? परीक्षेत हमखास येणार म्हणतात.

आणि काउंटरबद्दल पुन्हा लिहू नकोस. बसायचं असेल तेव्हा मी माझं बसेन.

मावशी


९ जुलै

प्रिय मावशी,

पेपर तपासण्याची घाई आहे, म्हणून थोडक्यात.

क्लोरीनची ओढ कार्बनपेक्षा बरीच जास्त. म्हणून कार्बन-क्लोरीन बंध ध्रुवीय. तुमच्या द्रवात असे चार बंध आहेत, म्हणजे तो द्रव ध्रुवीय. परीक्षेत तसंच लिही.

तू मन लावून करतेस हे दिसतंय, पण खरं सांगू? मला काळजी वाटते. दिवसभर उभं राहायचं आणि वर हा अभ्यास. डोळ्यांवर ताण येतो, नवा चष्माही अजून तुझ्या सवयीचा झालेला नाही. नापास झालीस तर सगळ्या ओळीत चर्चा होईल. मामा तुझ्या वाईटावर नाही गं. शांतपणे विचार कर.

तुझी मुंगी


१८ जुलै

मुंगे,

तुझं उत्तर चूक आहे.

पुन्हा वाच, मी नववी नापास बाई तुला लिहितेय. चूक. आमच्या मशीनच्या बाजूला एक छोटी टाकी असते, कपड्यांतून आलेलं पाणी द्रवापासून वेगळं करायला. तिला काचेची खिडकी आहे. लहानपणी तू तिला नाक लावून उभी राहायचीस. आठव त्यात काय दिसायचं. वर पाणी, खाली द्रव, आणि मध्ये फूटपट्टीनं आखल्यासारखी रेघ. ढवळा, हलवा, घटकाभरानं रेघ पुन्हा जागच्या जागी. पाणी ध्रुवीय, द्रवही ध्रुवीय, तर ते दोघं एकतीस वर्षं एकमेकांशी अबोला धरून का बसलेत? आणि तोच द्रव ग्रीसला आपलं का म्हणतो? तुझं पत्र खरं की माझी काच खरी? मी काचेच्या बाजूनं आहे.

आता दुसरं. माझ्या नव्या चष्म्याबद्दल तुला कोणी सांगितलं? मी एकाही पत्रात लिहिलेलं नाही. चष्मा मेमध्ये झाला आणि तो दादानं बरोबर येऊन करून दिला. तुला कळवील असा तिसरा माणूस नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दादानं तुला काय लिहिलंय?

मावशी


३ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितेय.

मामाचं पत्र मला मेच्या अखेरीला आलं, तुझ्या पहिल्या पत्राच्या आधी. नवा नियम येणार हे त्याला कळलं होतं आणि तू परीक्षेला बसशील हेही त्यानं ओळखलं होतं. त्यानं लिहिलं होतं, "ती तुलाच विचारील. तिला धीर देऊ नकोस. आता हिला विसावा हवा, आणि जावयालाही कुठेतरी लावून द्यायचंय. तू सांगितलंस तर ऐकेल." आणि मी बरं म्हटलं. आई गेल्यावर मला त्या माडीवर तुम्ही दोघांनी वाढवलं. कॉलेजात नाव घालायला मामा माझा हात धरून आला होता. त्याला नाही म्हणायला जीभ रेटली नाही, आणि तुला शिकवायलाही नाही म्हणवेना. म्हणून दोन्हीकडे अर्धं अर्धं केलं.

द्रवाचं उत्तर मात्र मी मुद्दाम चुकवलं नाही. शपथेवर सांगते. पण हे त्याहून वाईट आहे. तू पास होणार नाहीस असं मनात धरूनच मी ते लिहिलं, म्हणून दोनदा वाचलंही नाही. असं उत्तर माझ्या वर्गातल्या मुलीनं लिहिलं असतं तर मी लाल शाईनं अख्खं पान रंगवलं असतं.

खरं उत्तर असं आहे. प्रत्येक कार्बन-क्लोरीन बंध ध्रुवीय आहे, इथवर मी बरोबर होते. पण रेणूची जात ठरवताना बंध एकेकटे बघायचे नसतात. ते कोणत्या दिशेला ओढतात ते बघायचं. या रेणूत दोन कार्बन मध्ये एकमेकांना धरून असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन-दोन क्लोरीन, सगळे एका सपाट पातळीत. चौघंही सारख्याच जोरानं चार बाजूंना ओढतात. डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीला खोडते. शेवटी रेणू कोणाच्याच बाजूला कलत नाही. बंध ध्रुवीय, पण अख्खा रेणू अध्रुवीय. पाण्याचा रेणू वाकडा असतो, दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला कललेले, म्हणून तिथे ओढ खोडली जात नाही.

तुझी काच खरी आहे. मी माझ्या वर्गात हे तुझ्या नावावर सांगितलं.

मामालाही आजच लिहिलंय की यापुढे मी तुला मनापासून शिकवणार आहे, आणि त्याला वाईट वाटलं तर वाटू दे. पाकीट बंदही केलंय.

तुझी
मुंगी, अजून म्हणायची असेल तर


१२ ऑगस्ट

मुंगे,

मुंगीच म्हणणार. दुसरं नाव शोधायला मला वेळ नाही.

राग आहे. खोटं कशाला सांगू? दादाचा कमी आणि तुझा जास्त. तो उघड उघड मला खुर्चीत बसवत होता. तू शिकवता शिकवता बसवत होतीस. हा डाग पाण्याचा की तेलाचा ते अजून कळलेलं नाही. कळलं की काढीन. तोवर शिकवणं चालू ठेव.

चार क्लोरीनचं तू लिहिलंस ते मी सकाळी तीनदा वाचलं, डोक्यात शिरलं नाही. संध्याकाळी मी आणि दादा रोजच्यासारखे हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होतो. तू बघितलंयस ते. एका बाजूला तो, एका बाजूला मी, त्याच्या हातात दोन टोकं आणि माझ्या हातात दोन. दोघांनी एकदम मागे रेलून ओढायचं, मगच सुरकुती जाते. मी ओढली आणि तिथेच थांबले. मुंगे, हाच तो रेणू! दोन माणसं, चार टोकं, सगळी ताणलेली, आणि चादर मध्ये जागच्या जागी. मी मोठ्यांदा हसले. दादाला वाटलं वाफ डोक्यात गेली.

मग आणखी एक गोष्ट बघितली. मी जोर जरा कमी केला की चादर त्याच्याकडे जाते. तो लबाडी करत नाही, त्याचा हात जड आहे एवढंच. इतकी वर्षं मी माझी टोकं सैल धरली, भांडण नको म्हणून. आणि वर कुरकुर करत राहिले की सगळं त्याच्याकडे जातं.

म्हणून मी टोकं न सोडता सांगून टाकलं. "दादा, तू मुंगीला काय लिहिलंस ते मला कळलंय. मी परीक्षेला बसणार, पास होणार, आणि टेबल सोडणार नाही. जावयाला पाहिजे तर मी काम शिकवीन, पण टेबल माझं राहील." त्यानं चादर सोडली आणि आत निघून गेला. धुतलेली चादर जमिनीवर पडली, पुन्हा धुवावी लागली.

त्या दिवसापासून मी घड्या एकटी घालते. एक बाजू दाराच्या कडीला अडकवते आणि दुसरी ओढते. जमतं, पण कडी काही बोलत नाही.

पुढचा धडा पाठव. लहान नको.

मावशी


४ सप्टेंबर

मुंगे,

तुझे तिन्ही धडे मिळाले. भिंतीवर आता चुन्याला जागा उरली नाही. आज प्रश्न नाही, हकिकत आहे.

जावईबापू पहिल्या तारखेपासून टेबलावर येऊ लागले. दादा म्हणाला, सराव होऊ दे. मी काउंटरवर बसले. होय, बसले. पंख्याखाली पुस्तक छान वाचता येतं.

दुसऱ्याच दिवशी एका गायिकेचा पांढरा लोकरीचा कोट आला. कार्यक्रमात घालायचा होता. मी चिठ्ठी बांधताना हाताशी धरला तर पुढच्या काठाला कापड किंचित कडक लागलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी जावईबापूंना म्हटलं, "इथे काहीतरी गोड सांडून वाळलंय. आधी पाण्यानं पुसा." ते म्हणाले, "मावशी, डाग दिसत नाही तर काढायचा कोणता?" आणि कोट सरळ मशीनमध्ये घातला. साखर ही पाण्याच्या जातीची, त्या द्रवाला ती दाद देत नाही. ती तशीच राहिली, वर गरम इस्त्री बसली आणि करपली. पुढच्या काठावर तपकिरी डागांची रांगच उठली.

पोरगं वाईट नाही. घामाघूम होऊन उभं होतं. प्रमाणपत्र आहे, पण बोटांना अजून काही कळत नाही, आणि त्याला कोणी शिकवलेलंही नाही.

दादा कोट घेऊन काउंटरवर आला. माझ्यासमोर ठेवला. मी चिठ्ठ्या बांधत राहिले. तो म्हणाला, "बघ ना जरा." मी म्हटलं, "मी काउंटरवरची. टेबलावरचं टेबलवाल्यांना विचार." तो म्हणाला, "कार्यक्रम उद्या आहे." मी म्हटलं, "मग टेबल कोणाचं, ते आज सांग." सगळं दुकान कान टवकारून ऐकत होतं. दादानं कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाला, "पास झालीस तर तुझं."

मला हवं होतं ते वाक्य हे नाही. यात 'तर' आहे. पण कोटानं काय घोडं मारलंय? मी उठले. दोन तास लागले. कोमट पाणी, थोडं व्हिनेगर, डाग सोडवायची हाडाची पट्टी आणि भरपूर धीर. जावईबापूंना शेजारी उभं करून प्रत्येक पायरी दाखवली. सगळं गेलं, खालच्या टोकाला नखाएवढी खूण राहिली. गायिकेला मी ती स्वतः दाखवली आणि आमच्या हातून झालं म्हणून सांगितलं. दादा तेव्हा मागच्या खोलीत काहीतरी शोधत होता.

आता सतरा दिवस उरलेत. झोप कमी आणि भूक जास्त. मला फिरवलेले प्रश्न पाठव, जितके फिरवता येतील तितके.

मावशी

ता. क. तुझा डाग पाण्याचाच निघाला. काढलाय.


११ सप्टेंबर

प्रिय मावशी,

ता. क. वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. लोकांना वाटलं घरी काहीतरी अशुभ झालं.

सोबत चाळीस प्रश्न आहेत. उत्तरं मुद्दाम पाठवलेली नाहीत. अडलीस तर आधी काचेत बघ, मग चादर बघ, मग मला लिही.

एक लक्षात ठेव. परीक्षक विचारतील की बंध ध्रुवीय असला म्हणजे तो कच्चा असतो का? बरेच जण हो म्हणतात. असं नाही. ओढाताण असलेले बंध पुष्कळदा जास्त चिवट असतात. पाण्याचाच बंध घे, तो तोडायला केवढी ऊर्जा लागते.

मामाचं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. मी माझं लिहिलेलं मागे घेणार नाही.

तुझी मुंगी


२२ सप्टेंबर

मुंगे,

झाली परीक्षा. लेखीत दोन प्रश्न सोडले. आकडेमोड होती, ती मला आली नाही, आणि येत नसताना पान भरण्यात मला रस नव्हता. बाकी लिहिलं.

तोंडीला तीन परीक्षक. मधला टक्कल असलेला, बाजूचे दोघे घड्याळ बघणारे. माझा अर्ज वाचून टकल्या म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? दुकानात कोणी तरुण माणूस नाही का?" मी म्हटलं, "आहे. त्याला मी शिकवते."

मग त्यानं विचारलं, "कार्बन आणि क्लोरीनमधला बंध कसा?" मी म्हटलं, ध्रुवीय. "म्हणजे तुमचा तो द्रव ध्रुवीय?" अगदी तुझ्यासारखं विचारलं, आणि चेहराही असा की झाली ही नापास. मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "का?" दिशा, पातळी, काय काय पाठ केलं होतं, सगळं पळालं. समोर त्यांच्या टेबलावर हिरवं कापड होतं. मी त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या खाली ठेवल्या, कापड उचललं आणि त्या दोन घड्याळवाल्यांना म्हटलं, "उठा साहेब. तुम्ही ही दोन टोकं धरा, तुम्ही ती दोन. आता ओढा." ते उठले, मुंगे! ओढू लागले. मी कापडाच्या मध्यावर बोट ठेवून म्हटलं, "चारही टोकांना ओढ आहे की नाही? आहे. मग हा मध्य कुणाकडे सरकतोय?" कुणाकडेच नाही. मग एकाला म्हटलं, "आता तुम्ही सैल सोडा." कापड दुसऱ्याकडे गेलं. "हे पाणी," मी म्हटलं.

टकल्यानं बराच वेळ काही लिहिलं. शेवटचा प्रश्न तू सांगितलेलाच. "ध्रुवीय बंध कच्चा असतो का?" मी म्हटलं, "साहेब, मी एकतीस वर्षं एका ध्रुवीय बंधात आहे. कच्चा असता तर केव्हाच तुटला असता."

हे पुस्तकात नाही, त्यामुळे गुण देतील की नाही ठाऊक नाही. निकाल पंचवीस दिवसांनी. तोवर पहिली तारीख उलटून जाईल. त्या दिवसांत टेबल जावईबापू चालवतील, मी शेजारी उभी राहून हात मागे बांधून सांगेन. नापास झाले तर जानेवारीत पुन्हा बसेन. त्यानंतर जूनमध्ये. परीक्षा घेणारे थकेपर्यंत बसेन.

मावशी


३० ऑक्टोबर

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझ्या ऑगस्टमधल्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं. द्यायचं नव्हतं म्हणून राहिलं, हे तुला कळलंच असेल.

तुझी मावशी पास झाली. लेखीत काठावर, तोंडीत पैकीच्या पैकी. प्रमाणपत्र तिनं टेबलाच्या वर, तुझ्या पत्रांच्या मधोमध लावलंय. 'तर' संपला, एवढंच ती मला म्हणाली. जावई तिच्या हाताखाली काम शिकतायत आणि मजेत आहेत. मला वाटलं होतं त्यांना कमीपणा वाटेल. माझं बरंच वाटणं चुकलं.

परवा तपासनीस पुन्हा आला. मी टेबलावरची एक बाटली सरकवून त्याला जागा करून देत होतो, तर त्यानं माझंच प्रमाणपत्र मागितलं. नियम मालकालाही लागू आहे म्हणे. तुझ्या मावशीनं दुसऱ्याच दिवशी टेबलाला पाटी लावली, 'प्रमाणपत्र नसलेल्यांनी हात लावू नये'. आता काउंटरवर मी बसतो. खुर्ची आहे, पंखा आहे. चिठ्ठ्या बांधतो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि दिवस सरता सरत नाही.

तुला मेमध्ये लिहिलेलं पत्र फाडून टाक. मला वाटलं होतं मी तिला विसावा देतोय. तिला विचारायचं मात्र सुचलं नाही.

मी जानेवारीच्या परीक्षेला अर्ज भरलाय. चौथ्या धड्याशी अडलोय. तिला विचारलं तर म्हणते, भिंतीवर लावलंय, वाच. तिथे मला जाता येत नाही. म्हणून ती पत्रं मला वेगळी लिहून पाठव, पहिल्यापासून. नऊ जुलैचं, ते चुकलेलं, सोडून.

काल संध्याकाळी हॉटेलच्या चादरी आल्या होत्या. ती कडीत टोक अडकवत होती, तेव्हा मी जाऊन ते काढून हातात घेतलं. मागे रेलून तिनं अशी ओढली की मी दोन पावलं पुढे गेलो. या वयात एवढा जोर कुठून आला, की आधीपासूनच होता, मला माहीत नाही. मी तसाच उभा राहिलो तर म्हणाली, "बघतोस काय दादा? तूही ओढ."

मामा